क्लब बदलणारा खेळाडू ‘हाकललेला’ असतो?

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे एक समज पक्का आहे. गोव्यात किंवा मुंबईत फुटबॉल खेळणारा पोरगा दरवर्षी नवी जर्सी घालून आला की लोक म्हणतात, “ह्येका खंयच टिकाक जमना नाय.” हा समज चुकीचा आहे, आणि तो त्या पोरांच्या घरापर्यंत पोचतो म्हणून जास्त वाईट वाटतं.

खालच्या लीगमध्ये करारच छोटा असतो. फिफाच्या (फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) नियमाप्रमाणे करार किमान हंगाम संपेपर्यंतचा हवा, कमाल 5 वर्षांचा. पैसा कमी असलेले क्लब साहजिकच एका हंगामापुरती सही घेतात. मे महिन्यात करार संपला की खेळाडू मोकळा, त्याला कोणी हाकललेलं नसतं. युरोपात 1995 च्या बोस्मन निकालानंतर (बोस्मन या फुटबॉलपटूच्या खटल्यातला कोर्टाचा निकाल) असा खेळाडू नव्या क्लबकडे जाऊ शकतो, आणि आधीच्या क्लबला बदलीचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय मॅच मिळाव्यात म्हणून क्लब स्वतःच खेळाडू ‘लोन’वर, म्हणजे काही काळापुरता दुसऱ्या क्लबकडे, पाठवतो.

“क्लब बदलले की करोडो मिळतात” हेही तितकंच खोटं. बदलीची रक्कम प्रामुख्याने आधीच्या क्लबला जाते, आणि करार संपलेला असेल तर ती नसतेच.

क्लब बदलत राहूनही नाव कमावता येतं. जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनश्टील फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक खेळला. इंग्लंडचा जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड असे क्लब करत 2012 मध्ये लेस्टर क्लबकडे पोचला आणि 2016 मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकला. त्याचे आधीचे तिन्ही क्लब खालच्या, लीगबाह्य (इंग्लंडच्या वरच्या चार व्यावसायिक लीगच्या खालच्या) पातळीवरचे होते.