जुना ट्रॉली जॅक : किट टाकायचं की नवा घ्यायचा?

जॅक गाडी उचलतो, पण उचललेली गाडी हळूहळू खाली येते. दुरुस्तीला येणाऱ्या ट्रॉली जॅकची बहुतेक वेळा हीच तक्रार असते, आणि बहुतेक वेळा ती तेल अडवणारी चार रबरी सील (म्हणजेच सील किट) बदलून सुटते. तेवढ्यासाठी जॅक भंगारात देऊ नका.

आमच्याकडे आणण्याआधी तेल बघा. जॅक पूर्ण खाली बसवून टाकीचं रबरी बूच काढा. तेल कमी असेल तर जॅक अर्ध्यावरच थांबतो. हायड्रॉलिक ऑईलच भरा, ब्रेक ऑईल अजिबात नको. त्याने आतले रबरी सील फुगून मऊ पडतात आणि मग साध्या टॉप-अपचं काम पूर्ण किटवर जातं. (हा उद्योग अजूनही सर्रास चालतो.) तेल बरोबर असून हँडल पोकळ लागत असेल, तर आत हवा असते. जॅकवर भार नसताना रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली आणताना सोडतो तो) ढिला करून हँडल पंधरा-वीस वेळा भराभर मारा, व्हॉल्व्ह आवळा आणि पुन्हा उचलून बघा.

तरीही बसतोय? रॅमभोवती (तेलाच्या दाबाने बाहेर सरकणाऱ्या दांड्याभोवती) तेलाची ओल असेल तर रॅमचं सील गेलंय. बाहेरून सगळं कोरडं असेल तर बऱ्याचदा रिलीज व्हॉल्व्हच्या छर्ऱ्याखाली कचरा अडकलेला असतो. दोन्ही कामं करण्यासारखी आहेत.

खरा निकाल लागतो रॅमवर. रॅम पूर्ण बाहेर काढा, पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं, तर तिथे चरा किंवा गंजाचा खड्डा आहे. त्यावर नवं सील टाकलं तरी ते लवकरच कापलं जातं. कोकणात पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या जॅकचं हेच होतं. असा रॅम पुन्हा क्रोम करता येतो, पण छोट्या जॅकला तो खर्च परवडत नाही.

उचलणारा हात वाकलाय, वेल्डिंगला तडा गेलाय किंवा बॉडी चिरलीय, तर दुरुस्ती मागू नका. आम्ही करत नाही. ओव्हरलोड व्हॉल्व्ह (क्षमतेपेक्षा जास्त वजन उचलू न देणारा) आवळून 'ताकद वाढवून' दिली जाते, तेही इथे होणार नाही.

पैशांचा आमचा हिशेब सरळ आहे : खर्च नव्या जॅकच्या निम्म्यावर जात असेल तर नवा घ्या. मात्र जुना, जाड बॉडीचा आणि बाजारात सील मिळणारा जॅक असेल तर थोडं पुढे जायलाही हरकत नाही. हलक्या स्वस्त जॅकची सील मापात मिळत नाहीत, तिथे फार जीव अडकवू नका.

जॅक जुना असो वा नवा, गाडीखाली जाताना स्टँड लावलेच पाहिजेत.

दुरुस्तीला आणताना हँडल सोबत आणा आणि तेल काढून टाकू नका. त्याच्या रंगावरून, तळाशी बसलेल्या काळ्या रबराच्या चुऱ्यावरून अर्धं निदान होतं. खोलल्यावर खर्च आधी फोनवर कळवू, तुम्ही हो म्हणाल तरच काम पुढे.