इबोला विषाणू व त्याचा प्रसार

इबोला : फायलोव्हिरिडी कुलातील विषाणूंमुळे माणसाला व इतर प्राइमेट (माकडे, वानर इ.) प्राण्यांना होणारा तीव्र, बहुधा प्राणघातक रोग. विषाणूचा कण दोऱ्यासारखा लांबट असून त्याची जाडी सु. ८० नॅनोमीटर भरते. जनुकीय द्रव्य एकपदरी आरएनए असून त्यात सात जनुके असतात. याच कुलातील मारबर्ग विषाणू १९६७ मध्येच माहीत झाला होता.

इबोलाची पहिली नोंद १९७६ ची. त्या वर्षी दक्षिण सुदानातील न्झारा आणि झाईरमधील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांबुकू येथे थोड्याच अंतराने साथी उद्भवल्या. न्झाराचे सुरुवातीचे रुग्ण सूतगिरणीतील कामगार होते. यांबुकूच्या मिशन रुग्णालयात रोज सकाळी पाच सिरिंजा व सुया दिल्या जात आणि दोन रुग्णांच्या मध्ये त्या नुसत्या कोमट पाण्यातून काढून पुन्हा वापरल्या जात. तेथे ३१८ पैकी २८० रुग्ण दगावले. सुदानात २८४ पैकी १५१. न्झाऱ्याहून कोणी प्रवासी हा रोग यांबुकूला घेऊन आला असावा, असे प्रथम मानले गेले. ते मत मागे पडले आहे, कारण दोन्ही ठिकाणचे विषाणू वेगळ्या जातींचे (यांबुकूचा झाईर जातीचा, न्झाराचा सुदान जातीचा) ठरले. गावाला कलंक लागू नये म्हणून यांबुकूऐवजी जवळच्या इबोला नदीचे नाव देण्यात आले.

विषाणूचा निसर्गातील मूळ आश्रयदाता (ज्याच्या शरीरात विषाणू कायम टिकून राहतो तो प्राणी) कोण, यावर अद्याप एकमत नाही. गोरिला व चिंपँझी यांच्या मृतदेहांशी संपर्क आल्याने माणसांना लागण झाल्याची उदाहरणे आहेत. परंतु हे प्राणी स्वतःच या रोगाने मोठ्या संख्येने मरतात, तेव्हा ते कायमचे आश्रयदाते असणे संभवत नाही. फळे खाणाऱ्या वटवाघळांकडे बोट दाखवणारा महत्त्वाचा पुरावा २००५ मध्ये पुढे आला : मध्य आफ्रिकेतील तीन जातींच्या वटवाघळांत प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिने) व विषाणूच्या आरएनएचे अंश सापडले. मात्र झाईर जातीचा जिवंत विषाणू वटवाघळातून वेगळा काढता आलेला नाही. मारबर्गच्या बाबतीत हे युगांडातील वटवाघळांवरून साधले आहे, त्यामुळे ही उणीव अधिकच जाणवते. २०१३ च्या अखेरीस गिनीतील मेलियांदू गावी एका लहान मुलापासून पश्चिम आफ्रिकेची महासाथ सुरू झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुले जेथे खेळत त्या पोकळ झाडातील कीटकभक्षी वटवाघळांवर काहींचा संशय आहे. पण संशोधक पोहोचण्यापूर्वीच ते झाड जळून गेले होते. एकंदरीत वटवाघळांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, तरी तो सिद्ध म्हणता येत नाही.

प्रत्येक साथ प्राण्यापासूनच नव्याने सुरू होते, हे गृहीतही २०२१ मध्ये डळमळले. गिनीत त्या वर्षी मिळालेल्या विषाणूचा जनुकक्रम २०१४ च्या विषाणूशी इतका जुळता होता की, तो मधली वर्षे बऱ्या झालेल्या एखाद्या रुग्णाच्या शरीरात सुप्तावस्थेत राहिला असावा, हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारे ठरते. रोगप्रतिकारक पेशींचा वावर मर्यादित असलेल्या वृषण व डोळा यांसारख्या अवयवांत विषाणू तग धरतो. वीर्यात तो कित्येक महिने आढळला आहे. अशा घटना विरळा आहेत. त्यांचा आधार घेऊन मृत्यूच्या दारातून परतलेल्यांना वाळीत टाकणे अन्यायाचे आहे आणि लोक आजार लपवू लागल्याने ते साथनियंत्रणालाही घातक ठरते.

संसर्ग रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब आदी स्रावांच्या प्रत्यक्ष संपर्काने होतो. अधिशयन काल (लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) २ ते २१ दिवसांचा असून लक्षणे दिसण्यापूर्वी रुग्ण रोग पसरवत नाही. एका रुग्णापासून सरासरी दीड ते दोघांना लागण होते. गोवराच्या बाबतीत हा आकडा १२ ते १८ धरतात. धोका सर्वांना सारखा नसतो. आजार वाढतो तसे शरीरातील विषाणूंचे प्रमाण वाढत जाते आणि मृत्यूच्या सुमारास ते अत्युच्च असते. म्हणून शुश्रूषा करणारे घरचे लोक, परिचारिका व प्रेताला अंघोळ घालणारे आप्त यांना सर्वाधिक झळ पोहोचते. परिचारिकेला धोका दूषित हातमोजे व अंगरखा उतरवतानाही असतो. हवेतून दूरवर प्रसार होत असल्याचा पुरावा माणसांत नाही. रक्तस्राव हे या रोगाचे लक्षण म्हणून गाजले असले, तरी तो सर्व रुग्णांत होत नाही. ताप, उलट्या व जुलाबच अधिक दिसतात.

पश्चिम आफ्रिकेच्या महासाथीत (२०१४–१६) २८,६०० हून अधिक रुग्ण व ११,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्याच काळात नायजेरियात, लागोससारख्या दाट वस्तीच्या शहरात रोग शिरूनही, संपर्कातील माणसे नेटाने शोधून काढल्यामुळे रुग्णसंख्या २० वर थांबली. रुग्णाभोवतीच्या संपर्कवलयाला लस टोचण्याची पद्धत गिनीत २०१५ मध्ये यशस्वी ठरली. त्या लशीला २०१९ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२० मध्ये एककृंतक प्रतिपिंडांची (प्रयोगशाळेत तयार केलेल्या एकाच प्रकारच्या प्रतिपिंडांची) दोन औषधेही अमेरिकेत मान्य झाली. ही साधने झाईर जातीपुरतीच आहेत. सुदान जातीची साथ २०२२ मध्ये युगांडात आली, तेव्हा विलगीकरण, संपर्कशोध व सुरक्षित दफन यांवरच भिस्त ठेवावी लागली.