शनिवारच्या पाळीपासून सुरू झालेला वाद: ‘वाजवी सोयी’ची पार्श्वभूमी

कामाच्या ठिकाणी सर्वांना सामावून घेण्याबद्दल आज जे बोलले जाते, त्यात प्रशिक्षणे आणि धोरणपत्रेच जास्त दिसतात. कायद्याच्या बाजूने पाहिले तर हा विषय आधीपासूनच रोकडा आहे. एखाद्याला काम करता यावे म्हणून पाळी, जागा किंवा साधने बदलायची, तर त्याचा खर्च मालकाने कुठवर सोसायचा, हा त्यातला खरा प्रश्न.

नोकरीतील भेदभावाविरुद्धचा १९५८ चा आंतरराष्ट्रीय करार आणि अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा यांचा रोख भेदभाव थांबवण्यावर होता. सोय करून देण्याची जबाबदारी अमेरिकी कायद्याच्या मजकुरात १९७२ च्या दुरुस्तीने आली, आणि तीही अपंगांसाठी नव्हे, तर धर्मपालनासाठी. मालकाने वाजवी सोय करावी, मात्र त्याला अवाजवी अडचण होत असेल तर सूट, असे तिचे स्वरूप होते. अडचण अवाजवी कधी ठरते, हे मात्र सांगितलेले नव्हते.

ते ठरले १९७७ मध्ये, आणि वाईट ठरले. एका विमान कंपनीच्या कॅन्सस सिटीतील दुरुस्ती तळावर भांडार विभागात काम करणाऱ्या एका कारकुनाच्या धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम वर्ज्य होते. तळ वर्षभर, चोवीस तास चाले. पाळी निवडण्याचा पहिला हक्क युनियनच्या करारानुसार ज्येष्ठाला असे, आणि पहिल्या इमारतीत ज्येष्ठतेमुळे त्याचे निभावत होते. दिवसपाळीसाठी तो दुसऱ्या इमारतीत गेला. तिथली ज्येष्ठता यादी वेगळी, त्यामुळे तो यादीत थेट शेवटी. सहकारी रजेवर गेला की शनिवार त्याच्या गळ्यात. युनियन ज्येष्ठताक्रम मोडायला तयार नव्हती, कंपनी बदली माणसाला जादा दर द्यायला तयार नव्हती. अखेर त्याची नोकरी गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कंपनीचे म्हणणे उचलून धरले: नाममात्र खर्चापेक्षा जास्त भार पडत असेल तर ती अवाजवी अडचणच. असहमती नोंदवणाऱ्या निकालपत्रात हिशेब मांडलेला आहे. तीन महिन्यांच्या जादा पगाराला १५० डॉलर लागले असते आणि त्यानंतर तो पूर्वीच्या विभागात परतायला पात्र झाला असता. विमान कंपनीला १५० डॉलर जड, हे वाचताना आजही खटकते.

योगायोग असा की त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका सरकारी इमारतीत अपंग आंदोलक तीन आठवड्यांहून जास्त काळ ठिय्या देऊन बसले होते. सरकारी निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांत अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणारे १९७३ च्या कायद्यातील कलम नियमांअभावी कागदावरच होते. इमारतीतील फोनजोडण्या तोडल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोहोचवले. नियमांवर सही झाली.

१९९० मध्ये अमेरिकेत अपंगांसाठी स्वतंत्र कायदा आला तेव्हा १९७७ ची फूटपट्टी जाणूनबुजून टाळली गेली. इथे अवाजवी म्हणजे ‘लक्षणीय अडचण किंवा खर्च’, तोही मालकाची ऐपत पाहून. परिणामी पुढची ३३ वर्षे एकाच देशात त्याच शब्दांचे दोन भाव राहिले: रॅम्प मागणाऱ्यासाठी एक, शनिवार मागणाऱ्यासाठी दुसरा. २००६ च्या अपंग हक्कांच्या जागतिक करारानेही ही कल्पना स्वीकारली. भारताच्या २०१६ च्या कायद्यात तिची व्याख्या आहे, पण नोकरीत अशी सोय देण्याचे थेट बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी आस्थापनांकडून समान संधी धोरण अपेक्षित आहे.

जून २०२३ मध्ये दोन घडामोडी दोन दिवसांच्या अंतराने झाल्या. गरोदर कर्मचाऱ्यांना सोय देणारा अमेरिकी कायदा २७ तारखेला लागू झाला, १९९० चीच फूटपट्टी घेऊन. २९ तारखेला, रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की धर्मपालनासाठीची सोय नाकारायची तर मालकाला व्यवसायाच्या मानाने भरीव जादा खर्च दाखवावा लागेल. सहकाऱ्यांना एखाद्याचा धर्म किंवा त्याला मिळालेली सवलत आवडत नाही, हे कारणही चालणार नाही.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने विविधतेचे कार्यक्रम गुंडाळायचे आदेश काढले. सोय देण्याची जबाबदारी संसदेच्या कायद्यांतून आलेली असल्याने ती त्या आदेशांनी हटत नाही. १९७७ चा निकालही रद्द झालेला नाही, फक्त त्याचा अर्थ बदलला. ज्येष्ठताक्रमाला हात न लावण्याचा त्यातला भाग शाबूत आहे. म्हणून युनियनच्या कराराने पाळ्या ठरतात तिथे शनिवारची सुट्टी निवडण्याचा पहिला हक्क अजूनही ज्येष्ठाचाच.