रक्तदाबाची गोळी नेमकं कोणतं कॅल्शियम अडवते?

‘बीपीची गोळी शरीरातलं कॅल्शियम रोखते, हाडं पोकळ होतात’ असा एक निरोप व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवतो. पाठवणाऱ्यानं अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीच्या माहितीपत्रकात ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ एवढं वाचलेलं असतं, पुढचं सगळं मनचं. खाली ‘नैसर्गिक’ उपायही असतो. अर्थात, विकत घ्यायचा.

आपल्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं 99 टक्के हाडांत नि दातांत. त्या साठ्याला ही गोळी हातही लावत नाही. ती अडवते ते स्नायूपेशीच्या दारात उभं असलेलं कॅल्शियम. वजनाच्या हिशेबात ते नगण्य, पण रक्तवाहिनी किती आवळायची हे ठरवणारं.

शाळेत अपट्टकी स्नायू शिकलो होतो, तेच हे. धमन्यांच्या भिंतीत, आतड्यात, मूत्राशयात, गर्भाशयात ते असतात आणि आपल्या हुकमाची वाट न बघता काम करतात. त्यांची पेशी निवांत असते तेव्हा आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे 10,000 पट कमी असतं. म्हणजे आत शिरायला कॅल्शियम टपलेलंच असतं, फक्त वाट मिळायला हवी. पेशीपटलाच्या आत-बाहेरचा व्होल्टेजचा फरक कमी झाला की पटलातली प्रथिनांची वाहिनी (चॅनल) उघडते, हीच ती वाट.

या वाहिनीचं मला फार कौतुक आहे. पेशीबाहेर सोडियमचे आयन कॅल्शियमच्या जवळजवळ शंभरपट. दोघांचा आकार जवळपास सारखाच, त्यामुळे चाळणी लावून निवड करणं अशक्य. तरीही वाहिनीतून जातं ते बहुतांशी कॅल्शियमच. कसं? वाहिनीच्या सर्वांत अरुंद जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे चार रेणू ऋणभार घेऊन कडं करून असतात. सोडियमवर एक धनभार, कॅल्शियमवर दोन, त्यामुळे कॅल्शियम तिथं घट्ट चिकटतं आणि सोडियमची वाट अडते. पण इतकं घट्ट चिकटलं, तर पुढं सरकणार कसं? मागून दुसरा कॅल्शियम आयन येतो, दोन धनभार एकमेकांना ढकलतात, आणि पहिला आत जाऊन पडतो. उघड्या वाहिनीतून असे सेकंदाला लाखो आयन जातात. याचा पुरावाही झकास आहे. बाहेरचं कॅल्शियम पूर्ण काढून टाकलं तर याच वाहिनीतून सोडियम बेधडक वाहू लागतं, आणि किंचितसं कॅल्शियम परत घातलं की पुन्हा बंद!

आत आलेलं कॅल्शियम थेट स्नायू ओढत नाही. त्याचे चार आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात, ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) जागं करते, तो विकर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाच्या छोट्या साखळीवर फॉस्फेट बसवतो, तेव्हा कुठं मायोसिन अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला ओढायला लागतं. हातापायांच्या स्नायूंपेक्षा हे बरंच संथ, पण टिकाऊ. फॉस्फेट काढणारा विकर वेगळा असतो आणि आवळण-सैलावणं या दोघांच्या रस्सीखेचीवर ठरतं.

उलटंही घडतं. पेशीतल्या साठ्यातून पटलालगत कॅल्शियमची क्षणभराची ठिणगी उडाली, तर पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, व्होल्टेज पूर्वपदावर येतं, कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात आणि धमनी सैल होते. तोच आयन, परिणाम विरुद्ध. कुठं आणि किती सुटला यावर सगळं. हे 1995 साली दाखवलं गेलं.

कॅल्शियमच्या या वाहिन्या औषधानं अडवता येतात हे 1960च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांच्या लक्षात आलं. व्हेरापामिल हे औषध दिल्यावर हृदयाचा स्नायू कॅल्शियम काढून घेतल्यासारखा मंदावत होता आणि जास्त कॅल्शियम दिलं की सावरत होता. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः धमन्यांवर काम करतं. धमनीची त्रिज्या 10 टक्के वाढली तर, दाब तोच धरला, रक्तप्रवाह सुमारे 46 टक्के वाढतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. थोडंसं सैलावणंही पुरतं ते यामुळे.

मग गोळी घेणाऱ्याचे हातपाय लुळे का पडत नाहीत? तिथंही अशाच वाहिन्या आहेत, पण त्या व्होल्टेज ओळखून पेशीच्या आतला साठा उघडतात. त्यासाठी बाहेरून कॅल्शियम यावंच लागत नाही.

दुष्परिणाम आहेत, पण हाडांचे नव्हेत. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्यांना सूज येते: लहान धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या नाही, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. व्हेरापामिलनं बद्धकोष्ठ होतो, कारण आतड्याचे स्नायूही याच वाहिन्यांवर चालतात.