पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचतं का?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचं ठिकाण स्वतःच सरकत येतं.

ऐकायला पटतं. पण मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते, आणि प्रवासी विमान ताशी सुमारे नऊशेने उडतं. दावा खरा असता, तर पूर्वेकडचं विमान कधी पोहोचलंच नसतं! जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं, म्हणून हा फायदा मिळत नाही.

उलट पूर्वेकडचा प्रवासच बहुधा लवकर होतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो.

गोंधळ होतो तो तिकिटामुळे. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ५:३० ला उतरलात. साडेचार तास? नाही. दोन्ही वेळा स्थानिक आहेत. साडेपाच तासांचा फरक मिळवा, दहा तास होतात. परतीला रात्री ९ ते सकाळी ११:३०, म्हणजे साडेचौदा. त्यातून साडेपाच वजा केले की नऊच. मुंबई-लंडनच्या कोणत्याही तिकिटावर हा हिशेब करून पाहा, फक्त उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा धरा.