पऱ्हाट्यांचा धूर आणि पोटातलं बाळ

नागपुरात हवेचा विषय निघाला की बोट कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे जातं. ते चूक नाही, शहराच्या वेशीवर 660 मेगावॉटचे तीन संच कोळसा जाळतात. पण आईचा श्वास आणि बाळाची छाती यांचा संबंध समजून घ्यायचा, तर आधी चुलीपाशी बसावं लागतं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजयंत्रं लावली. प्रदूषण म्हणजे कारखाना आणि रस्ता, अशी तोवरची समजूत होती. त्या मोजणीने ते घरात आणून दाखवलं. पऱ्हाट्या-तुराट्यांची, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांची, चूल फुंकलेल्या विदर्भातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊकच होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढची पायरी गर्भाची. इंग्लंडमध्ये संशोधक डेव्हिड बार्कर यांनी जन्मवेळचं कमी वजन आणि उतारवयातले आजार यांचा संबंध दाखवला, त्यात फुप्फुसांची ताकदही होती. तरी वार, म्हणजे आईकडून बाळाला पोसणारा गर्भाशयातला अवयव, धूर अडवत असेल, असा दिलासा उरला होता. 2019 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. 2022 मध्ये ते गर्भाच्या यकृतात, मेंदूत आणि फुप्फुसांतही दिसले.

नागपूर या इतिहासात नुसतं प्रेक्षक नाही. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया आणि ग्वाटेमालाच्या ग्रामीण भागांतल्या हजारो गर्भवतींचा जो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचा पुढाकार होता. लाकूड-गोवऱ्यांवर रांधणाऱ्या घरांत जन्माच्या आसपासचे बालमृत्यू जास्त आढळले.

2016 मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली. मग भारतातल्या तमिळनाडूसह चार देशांत 3200 गर्भवतींवर मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना गॅस मिळाला, त्यांच्या घरातला धूर बराच उतरला. तरीही बाळांचं वजन लक्षणीय वाढलं नाही आणि गंभीर न्यूमोनियाही घटला नाही. अनेकांना हा निकाल म्हणजे गॅसचा पराभव वाटला. मला तसं वाटत नाही. त्या बायका चाचणीत आल्या नवव्या ते विसाव्या आठवड्यांत, आणि बाळाच्या श्वासनलिकांच्या फांद्या सोळा-सतराव्या आठवड्यापर्यंत जवळपास सगळ्या फुटलेल्या असतात. सिलिंडर लग्नाच्या घरात यायला हवा, डोहाळजेवणाच्या नव्हे.

फुप्फुसांतले वायुकोश मात्र बहुतेक जन्मानंतर तयार होतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी असते, आणि अंघोळीनंतर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीनेही देता येतो. धुरी बंद करायला तर पैसाही लागत नाही.