पार्श्वभूमी: पट घसरण्याच्या आधी

शाळेचा पट घसरला की बातमी होते. खरे तर ती सहा वर्षे शिळी असते, कारण जन्मनोंदणीत तो आकडा केव्हाच उतरलेला असतो.

लोकसंख्या स्थिर राहायची तर दर स्त्रीमागे सरासरी 2.1 मुले हवीत, म्हणजेच प्रजनन दर 2.1 हवा. कुटुंब लहान ठेवण्याची सुरुवात फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली, उरलेल्या युरोपच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी. तेव्हा ना गोळ्या होत्या, ना सरकारी मोहिमा. पुढे इतरत्र बालमृत्यू घटले, मुली शिकल्या, शेतात राबणारी मुले वर्गात बसू लागली. म्हणजे आज जिला मुले मिळत नाहीत, त्या शाळेचाही कुटुंब लहान होण्यात वाटा आहेच.

विसाव्या शतकात सरकारे यात उतरली. रुमानियाने 1966 मध्ये गर्भपातावर जवळपास बंदीच घातली. पुढच्या वर्षी जन्म पावणेतीन लाखांवरून सव्वापाच लाखांवर गेले. आधी प्रसूतिगृहे तुडुंब भरली, मग शाळा. थोड्याच वर्षांत दर पुन्हा उतरू लागला. मधल्या काळात चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या.

जपानमध्ये त्याच 1966 साली उलटे झाले. तिथल्या जुन्या पंचांगात ते 'अग्नी-अश्व' वर्ष होते, आणि अशा वर्षात जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी समजूत. अनेकांनी पाळणा लांबवला आणि दर 1.58 वर आला. पुढे 1989 मध्ये अशी कोणतीही समजूत आड नसताना तो 1.57 झाला, तेव्हा कुठे सरकार दचकले. दोन इयत्ता एका शिक्षकाकडे देऊन काही शाळा तगवल्या गेल्या, तरी 2002 ते 2020 या काळात आठ हजारांहून अधिक सरकारी शाळांना टाळे लागले.

दक्षिण कोरियाची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. 1960 च्या सुमारास तिथे दर स्त्रीमागे सहा मुले होती. 1962 पासून कुटुंबनियोजनाचा धडाका सुरू झाला. 1983 मध्ये दर 2.1 च्या खाली गेला, तरी मुले कमी करण्याचे धोरण 1996 पर्यंत रेटले गेले. दोनच मुले, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टापायी मुलींचे गर्भ पाडले गेले. 1990 मध्ये 100 मुलींमागे सुमारे 116 मुलगे जन्मले. त्या मुली असत्या तर आज आई होण्याच्या वयात असत्या. सरकारने नंतर कितीही भत्ते दिले तरी ही तूट भरून येण्यातली नव्हती. 2023 मध्ये दर 0.72 वर होता.

तिथल्या गांगजिन भागातल्या एका शाळेला 2019 मध्ये पहिलीसाठी मूलच मिळेना. मग लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या गावातल्या आज्ज्यांना पहिलीत प्रवेश दिला गेला. एका आजीबाईंची नातवंडे त्याच शाळेत शिकत होती. सगळे एकाच स्कूलबसने यायचे. हसू येते, पण शाळेचा हिशेब साफ होता. शाळा गेली की लहान मुलांची जोडपी गाव सोडतात, नवी येत नाहीत, आणि पुढच्या वर्षी जन्मनोंदणीत आणखी कमी नावे चढतात.